कोसमी नदी आणि शेऱ्याचा रकाना

चौदा मे. आज छतावरची पाण्याची टाकी धुवायला घेतली. दर उन्हाळ्यात एकदा धुते आणि त्यासाठी माणूस लावत नाही. लावलेला माणूस वरवर पाणी फिरवतो आणि चहा पिऊन निघून जातो. सकाळी सातला टाकी रिकामी केली, जुना सलवार-कुर्ता चढवला आणि ब्रश, फडकं, प्लास्टिकचा डबा घेऊन आत उतरले. तळाशी बोटभर गाळ होता, आणि गाळाखाली बारीक पांढरी वाळू. रायपुरात, समता कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्याच्या छतावर वाळू कुठून येते, मला अजून समजलेलं नाही. ती डब्यात भरत होते तेव्हा फोन वाजला. मुलीनं वरून वाकून तो माझ्या कानाशी धरला.

"सुनी, ढोढ़ी ला पाट दिन ओ," माझी लहानपणची मैत्रीण फुलमती म्हणाली. ढोढी बुजवली.

"पूर्ण?"

"हव. ऊपर माटी के पहाड़ बना दिन."

ती रडली नाही, मीही नाही. तिनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मी तिच्या नातवाची केली. फोन बंद झाल्यावर मी टाकी पूर्ण घासली, वाळू कुंडीत टाकली. मुलगी मागे लागली होती, "मम्मी, कौन सी ढोढ़ी? किसकी?" कोसमीची, म्हटलं. "कोसमी कौन?"

आमची मुलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. त्यात माझी तक्रार नाही. पण कोसमी कोण, हे तिला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं, ही माझीच गोष्ट. जेवणं उरकल्यावर वही काढली. जे आठवतं ते लिहिते, जे लिहायला जड जातं तेही.

कोसमी ही नदी. होती, असं म्हणायला हवं. सरगुज्याकडच्या सालाच्या जंगलातली, इतकी लहान की सकाळी उगमाशी निघालेला माणूस दिवे लागायच्या आत तिच्या शेवटाला पोचायचा, तेही मध्ये एकदा जेवायला बसून. फुलमती आणि मी ती दोनदा चाललो. तिची सुरुवात ढोढीत. डोंगराच्या पोटाला सालाच्या मुळांतून पाणी झिरपायचं. तिथं गावच्या कुणा जुन्या माणसांनी एक पोकळ खोड उभं गाडलं होतं, विहिरीच्या कठड्यासारखं, आणि ते बारा महिने काठोकाठ भरलेलं असायचं. ओणवं होऊन थेट तोंडानं प्यायचं. ओसंडलेलं पाणी मनगटाएवढ्या धारेनं कोसमच्या झाडांतून खाली यायचं. त्या झाडांवरून नदीचं नाव. मग काळ्या दगडांचा उतार होता. तिथं ती गुडघाभर उड्या मारत उतरायची आणि मोठ्यानं बोलायची. उतार संपला की सपाटी, आणि सपाटीवर नदी एकदम रुंद व्हायची, खेळाच्या मैदानाएवढी, सगळी पांढरी वाळू. गावातले लोक त्या जागेला सुतनी म्हणायचे, म्हणजे निजायची जागा. उन्हाळा तापला की नदी तिथं वाळूखाली शिरायची. वरून पाहणाऱ्याला वाळू दिसायची, गुरांच्या खुरांचे ठसे दिसायचे, बाकी काही नाही. अर्ध्या कोसावर खाली एक खडकाची आडवी भिंत होती, तिला अडून पाणी पुन्हा वर यायचं, थंडगार. त्या जागेचं नाव उठनी. पुढं भाताची शेतं, करंजाची झाडं, आणि मग मोठी नदी.

आमचं घर सुतनीच्या काठावर होतं, कारण बाबांचं गेज, म्हणजे पाणी मोजायची पट्टी, सुतनीत होतं. आणि गेज सुतनीत होतं कारण जीपचा रस्ता नदीला तिथंच टेकायचा. वरच्या दगडांत किंवा उठनीला ते लावलं असतं तर नदी बारा महिने मोजता आली असती. पण तिथवर पायी जावं लागायचं, आणि गेजची जागा ठरवणारे साहेब पायी चालत नसत. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, नदीनंच तिथं येऊन मोजून घ्यायचं असतं.

बाबा गेज रीडर होते. पुढंमागं धरण बांधायचं होतं, त्यासाठी नदीत किती पाणी असतं ते पाहायला सिंचन खात्यानं एक खांब रोवून त्यावर आकड्यांची पट्टी ठोकली होती. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. पट्टीवर पाणी ज्या आकड्याला टेकेल तो आकडा रजिस्टरात. शेवटी एक रुंद रकाना होता, शेरा. त्यात बाबा कधी 'पानी मटमैला' लिहायचे, कधी 'लकड़ी बहकर आई'. नोकरी कच्ची होती. दर सहा महिन्यांनी साहेबांच्या सहीनं पुढं सरकायची. भंडाऱ्याकडचं गाव, आजा, काका, सगळं मागं टाकून माणूस जंगलात आला होता तो एकाच गोष्टीसाठी, पक्कं व्हायला. घरात हा शब्द मिठासारखा रोज लागायचा. बाबा पक्के झाले की सुनीला शहरात शिकवू. बाबा पक्के झाले की माय छपराखाली नाही, स्लॅबखाली राहील.

माय मात्र त्या छपराखालीच नीट राहायची. दोन खोल्या, मातीच्या भिंती, आठवड्याला शेणानं सारवलेली जमीन. गावाकडून आणलेली सुकट ती मडक्यात घट्ट बांधून ठेवायची आणि फक्त पावसाळ्यात काढायची. उन्हाळ्यात बेसनाचं पातळ पिठलं, भात, अंबाडीची वाळलेली भाजी. फुलमतीच्या घरून द्रोणात चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फळं यायची, माय त्या द्रोणात गूळ घालून परत पाठवायची. मोहाच्या फुलांचा वास घरात इतका भरायचा की बाबांना शिंका यायच्या. दुपारी सगळं गप्प असायचं. फक्त सालाच्या बिया गरगरत खाली यायच्या आणि छपरावर टपटप आवाज व्हायचा. मी अजूनही दुपारी झोपत नाही. गप्प दुपार मला सोसत नाही.

पाणी आम्ही सुतनीतूनच आणायचो. वाळूत हातानं खड्डा करायचा, त्याला झरिया म्हणतात. एक वीत खणलं की वाळू ओली, कोपरापर्यंत गेलं की पाणी. पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं आणि थांबायचं. फुलमतीची आजी, बुधनी, मला हे शिकवत होती. मी घाई करायची, ती माझ्या हातावर चापट मारायची.

"थोरकुन ठहर. नदी सुतत हे. उठे बर टेम लागथे." जरा थांब, झोपली आहे, उठायला वेळ लागतो.

मग वाळूतून काचेसारखं पाणी वर चढायचं.

त्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांची होते. एप्रिलअखेरीस बाबांना हिवताप आला. दिवसाआड अंगावर दोन गोधड्या आणि वर मायची साडी, तरी खाट हलायची. रीडिंग चुकवून चालणार नव्हतं आणि रीडिंग दुसऱ्यानं घेतलं हे कळूनही चालणार नव्हतं. बाबांनी मला बोलावलं. "सुनी, माया अक्षरासारखं अक्षर काढता येते का तुले?" मला येत होतं. त्यांच्या अक्षरात मी आजाला पत्रंही लिहिली होती. मी रजिस्टर काखेत मारून निघाले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

आठवडाभर पाणी पट्टीच्या तळाशी होतं. मग एका सकाळी पट्टीचं बूड कोरडं. मी धावत घरी.

"बाबा, पट्टी कोरडी हाय."

"मंग शून्य लिव."

"पण पाणी हाय ना! आता झरियातून भरून आणलं मी."

"पट्टीवर हाय का?"

"नाही."

"मंग शून्य."

मी शून्य लिहिलं. एकला शून्य, सहाला शून्य. दुसऱ्या दिवशीही तीन शून्यं. तिसऱ्या दिवशी सहाच्या रीडिंगला बुधनी आजी झरियाशी बसली होती. तिनं विचारलं, "का लिखत हस, नोनी?" तिकडं मुलीला नोनी म्हणतात. मी सांगितलं, लिहिते की नदीत पाणी नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग भरलेल्या घागरीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "अऊ ये का हे? मोर मूत?" मग हे काय, माझं मूत? फुलमती वाळूत लोळून हसली. मला राग आला. राग कुणाचा ते ठरवायची अक्कल नव्हती, म्हणून मी पेन काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात हिंदीत लिहिलं: 'रेत के नीचे पानी है. एक हाथ पर. मीठा है.' मग रोज लिहू लागले. एक हात. सव्वा हात. हात बुधनीचा धरायचा, कारण माझा लहान होता. बाबांना सांगितलं नाही. ते रजिस्टर उघडूनही पाहण्याच्या अवस्थेत नव्हते.

असे सोळा-सतरा दिवस गेले असतील. तेवढेच दिवस कोसमी सरकारी कागदावर झोपलेली होती. त्याआधी आणि त्यानंतर ती मेलेली आहे.

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप आली. माय आदल्या दिवसाची खीर गरम करत होती. बाबा खाटेवरून उठले, शर्ट घातला, तोंडावर पाणी मारलं आणि दाराला धरून उभे राहिले. साहेब आमच्या घरचं पाणी पीत नसत. त्यांची सुरई जीपमध्ये असायची. का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही आणि मायनं मला विचारू दिलं नाही. त्या दिवशी सुरई रस्त्यातल्या गचक्यात फुटली होती. उन्हानं साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मायनं लोटा पुढं केला तर म्हणाले, "नहीं नहीं, रहने दीजिए," आणि ड्रायव्हरला नदीकडं पाठवलं. ड्रायव्हरनं झरियातून पाणी आणलं. साहेब ते घटाघटा प्यायले, रुमाल भिजवून मानेवर ठेवला आणि म्हणाले, "वाह! क्या ठंडा पानी है."

मायच्या लोट्यातलं पाणीही त्याच झरियाचं होतं. ती लोटा घेऊन आत गेली.

मग त्यांनी रजिस्टर मागितलं. दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबले.

"ये क्या है? मीठा है? किसने लिखा?"

मी चुलीशी होते. बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मैंने, साहब."

"तुमको पानी चखने के लिए रखा है?" ड्रायव्हर हसला. साहेब हसले नाहीत. मग हळू आवाजात, जवळजवळ समजुतीनं म्हणाले, "देखो, ऊपर वाला पूछेगा, नीचे पानी है तो गेज वहाँ क्यों लगाया जहाँ दिखता नहीं? क्या जवाब दूँगा? जगह मैंने चुनी थी. इसी महीने तुम्हारा कागज भेजना है, पक्का होने वाला. ये पन्ना साफ कर दो. काट-पीट नहीं चलेगी, नया पन्ना. मैं शाम को लौटते में दस्तखत करूँगा."

जीप पुढच्या कॅम्पकडं गेली. बाबांनी रजिस्टर उघडलं आणि पेन धरलं. तापानं शून्यसुद्धा गोल येईना. त्यांनी पेन माझ्यापुढं केलं.

"बाबा, पाणी हाय. तुमीच तर पेता."

"मले माहीत हाय."

"मंग काहून?"

उत्तर मायनं दिलं. ती दारात उभी होती, हातात अजून तो लोटा. "लिव, पोट्टी. नदीले काय नोकरी लागाची हाय? तुया बापाले लागाची हाय."

मी लिहिलं. बाबांच्या अक्षरात, ओळीनं शून्यं, पूर्ण पान भरलं. शेऱ्याचा रकाना वरून खालपर्यंत रिकामा. संध्याकाळी साहेबांनी सही केली, म्हणाले, "अब ठीक है." फाडलेलं पान मायनं चुलीत सारलं आणि त्याच्यावर भात टाकला. तो भात मी जेवले. भूक होती.

बाबा पक्के झाले. तिथून मोठ्या कॅम्पवर, मग रायपुरात. मी इथं शिकले, नोकरी केली, हे घर बांधलं. धरण झालंच नाही. माझ्या समजुतीप्रमाणे एवढं कमी पाणी असलेल्या नदीवर कोण धरण बांधतो! म्हणून कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते की त्या शून्यांनी कुणाचं वाईट झालं नाही, उलट जंगल बुडायचं वाचलं. हिशेब बरा वाटायचा. बाबा जायच्या थोडं आधी मी तोच त्यांनाही ऐकवला होता. ते म्हणाले होते, "हव." एवढंच.

मग जंगलाखाली कोळसा निघाला. गेल्या हिवाळ्यात फुलमतीनं मला खाणीच्या सुनावणीला बोलावलं. बुधनी कधीच गेली होती, जुन्यांपैकी लिहितावाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. मंडप होता, खुर्च्या होत्या, पोलीस होते. कागदावर कोसमीला 'मौसमी नाला, गर्मी में शुष्क' म्हटलं होतं आणि पुराव्याला जुन्या गेज रजिस्टरची नक्कल जोडली होती. अधिकारी सभ्य होता, माझ्या मुलाच्या वयाचा. मी माईक धरला आणि सांगितलं की उन्हाळ्यात तिथं पाणी असायचं, आम्ही तेच प्यायचो.

"मैडम, ये दस्तखत आपके पिताजी के हैं?"

"हो. हाँ."

"तो आप कह रही हैं, उन्होंने झूठा रजिस्टर भरा?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. फुलमती पहिल्या रांगेत, पदर दातात धरून. मला म्हणता आलं असतं, त्यांनी नाही, मी भरलं. म्हणता आलं असतं, त्यांनी भरायला लावलं. खाटेवरचा तो माणूस दिसला, शर्टाची बटणं चुकीची लावलेला. मी म्हटलं, "झूठा नहीं है. पट्टी पर पानी नहीं था."

"बस, यही तो हम भी कह रहे हैं," तो म्हणाला, आणि माईक पुढच्या माणसाकडं गेला. फुलमतीनं मला त्यावरून कधी एक शब्द विचारला नाही. परत निघताना तिनं डब्यात चारोळी बांधून दिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ढोढी खाणीतून उपसलेल्या मातीखाली आहे. सुतनीला झोपायला वरून काही येणार नाही, उठनीला उठायला काही उरणार नाही. हे लिहून त्यात फरक पडणार नाही, ते मला समजतं. लिहायचं राहिलं होतं, म्हणून लिहिलं. एकच सकाळ उरली आहे, तीही लिहून टाकते.

पान जळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आठला मी रजिस्टर घेऊन सुतनीत गेले. फुलमती एकटीच झरियाशी बसली होती. तिला काही माहीत नव्हतं. तिनं बोटांनी वाळूत खुणा करून दाखवलं, आज आजीच्या हातानं एक हात आणि चार बोटं, लिहून घे. मी खांबाशी गेले. पट्टी कोरडी होती. मी शून्य लिहिलं, शेऱ्याचा रकाना सोडला, पेनाला टोपण लावलं. तिनं विचारलं, "लिख डारे?" मी म्हटलं, "हव." मग रजिस्टर कोरड्या वाळूवर ठेवलं, खाली वाकले आणि तिची भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलून तिच्या डोक्यावर चढवली. ती फार जड होती. पाणी हिंदकळून माझ्या मानेवरून पाठीत उतरलं.